पोस्टमन आईच्या नावाने हाक मारायचा : एसएनडीटीच्या वाढीविषयी

मेधा_लालबाग | सोमवार, रात्री ९.४०

परवा चर्चगेट लोकलमध्ये समोर दोन मुली बसल्या होत्या. बारावीचा निकाल नुकताच लागलेला, फॉर्म कुठे कुठे भरायचे याची चर्चा चाललेली. एकीने एसएनडीटी महिला विद्यापीठाचं नाव काढलं, तर दुसरी पटकन म्हणाली, "अगं, ते बायकांचं. तिथे शिवणटिपण शिकवतात." मी काही बोलणार तेवढ्यात मरीन लाइन्स आलं आणि दोघी उतरून गेल्या. बोलायचं राहिलं ते दोन दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

आधी आईचं सांगते. आई एफ.वाय.ला असताना लग्न होऊन लालबागला आली. दहा बाय बाराची खोली, सासू-सासरे, दोन दीर. शिक्षण तिथेच थांबलं. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरात येणारा पगार बंद झाला. आईने आधी पापड लाटले, मग बालवाडीत मदतनीस म्हणून जाऊ लागली. तिथल्या बाईंनी तिला सांगितलं की पदवी असेल तर तू शिक्षिका होशील, आणि एसएनडीटीने घरी बसून शिकायची सोय केली आहे.

अभ्यासाची पुस्तकं टपालाने यायची. चाळीत पोस्टमन खाली चौकात उभा राहून नावाने हाक मारायचा. तोवर आमच्या घरी आलेलं प्रत्येक पत्र आजोबांच्या किंवा बाबांच्या नावावर असे. त्या दिवशी पोस्टमनने आईचं पूर्ण नाव घेतलं, पहिल्या नावापासून आडनावापर्यंत. तिसऱ्या मजल्यावरच्या बायका कठड्याशी आल्या. आई पदराला हात पुसत खाली गेली, सही केली आणि खाकी पाकीट घेऊन वर आली. ते तिने लगेच उघडलं नाही. आधी सगळ्यांची जेवणं झाली, भांडी झाली, मग मोरीजवळच्या दिव्याखाली बसून उघडलं. पुस्तकं मराठीत होती. "मला वाटलं होतं इंग्रजीत असेल," ती म्हणाली, आणि तिथेच वाचायला बसली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

आई बी.ए. झाली, पुढे शिक्षिका झाली, पेन्शनीत निघाली. पण मला सांगायचंय ते तिच्यापुरतं नाही. १९१६ साली पुण्यात पाच विद्यार्थिनींवर सुरू झालेली एक संस्था लालबागच्या चाळीपर्यंत कशी येऊन पोचली, हे मला समजून घ्यायचं होतं. वाचत गेले तसं एक गोष्ट दिसली. बाई ज्या जागी अडली असेल तिथे जाऊन तिला पुढे न्यायचं, हे या विद्यापीठाने पहिल्यापासून धरलंय. त्याची एकूण एक वाढ मला त्यातूनच झालेली दिसते.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईत राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. त्याआधी त्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली होती. परिषदेच्या भाषणात त्यांनी भारतात असं विद्यापीठ हवं म्हणून कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी पुण्याजवळच्या हिंगण्याला ती खरी करून दाखवली. रा. गो. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी भाषा म्हणून सक्तीची. त्या काळी कॉलेज म्हटलं की इंग्रजीतूनच. मुंबई विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना १८८३ पासून उघडे होते, पण इंग्रजी शाळेत गेलेल्याच मुली आत जाऊ शकत. घरी मराठी किंवा गुजराती शिकलेली बाई त्या दाराशीच थांबायची. कर्व्यांनी नेमकी ती अडचण दूर केली.

१९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यांनी आणि लेडी प्रेमलीला यांनी जपानचं ते विद्यापीठ स्वतः पाहिलं होतं. देणगीबरोबर विठ्ठलदासांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. १९३६ मध्ये मुख्य कचेरी मुंबईत आली.

एक गोष्ट मला फार आवडते. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या मनोऱ्यालाही आईचंच नाव आहे, प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं, राजाबाई. दोन विद्यापीठं, दोन आया, आणि एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं.

बाकीचं उद्या लिहिते. तोवर कुणाच्या घरी एसएनडीटीची आठवण असेल तर नक्की सांगा.

---

सदाशिव_पेठी | सोमवार, रात्री १०.२५

मेधाताई, धागा काढलात, फार बरं केलंत. थोडी भर घालतो.

१९१६ च्याही आधीचं बघायला हवं. १८९६ मध्ये अण्णांनी, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांनी, विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं. म्हणजे विद्यापीठ म्हणून जे उभं राहिलं त्याखाली वीस वर्षांचं काम होतं. हिंगणं तेव्हा गावाबाहेर, रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अण्णा फर्ग्युसनला गणित शिकवून तिथवर चालत जात. आमची पणजी त्या आश्रमात होती. बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं. अण्णा आले की मुली त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या आणि ते त्यांना गणितं घालायचे, एवढंच ती सांगायची. दुसरं काही विचारलं की गप्प राहायची.

---

शुभदा_डोंबिवली | सोमवार, रात्री ११.०५

माझी आजी 'गृहीतागमा' होती! हा शब्द आता कुणाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते.

महिला विद्यापीठाने आपल्या पदव्यांना स्वतःची नावं दिली होती. बी.ए.च्या जागी जी.ए., म्हणजे गृहीतागमा. आगम म्हणजे शास्त्र, विद्या. जिने विद्या ग्रहण केली ती गृहीतागमा. त्यापुढची पी.ए., प्रदेयागमा, म्हणजे जिची विद्या आता दुसऱ्याला देण्याजोगी झाली ती. विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर याच परंपरेतल्या.

आजीचं प्रमाणपत्र आमच्याकडे आहे. घडीवर कागद फाटलाय, मागून खळ लावून मलमलीची पट्टी चिकटवलेली. ती पट्टी आजीने स्वतः लावली होती, कारण नोकरीसाठी ते प्रमाणपत्र तिने इतक्या ठिकाणी नेऊन दाखवलं की घडीच तुटली. त्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती ना! प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न : "जी.ए. म्हणजे काय?" शेवटी एका खासगी मुलींच्या शाळेने घेतलं, तेही कमी पगारावर. तिला पदवीचा अभिमान होता आणि त्या पदवीने तिला दारोदार फिरवलं, दोन्ही खरंच. विद्यापीठाच्या मोठेपणाबद्दल बोलताना मान्यतेशिवाय काढलेली ती पस्तीस वर्षंही मोजायला हवीत.

---

मेधा_लालबाग | मंगळवार, सकाळी ७.१५

शुभदाताई, मलमलीची पट्टी वाचून गलबलून आलं. जमलं तर फोटो टाका, नाव झाकून.

मान्यतेचं तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत. १९४९ मध्ये मुंबई सरकारने कायदा केला आणि १९५१ पासून एसएनडीटीला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मग पदव्याही इतरांसारख्या झाल्या. कायदेशीर दर्जा मिळाल्यावरच्या पहिल्या कुलगुरू लेडी प्रेमलीला ठाकरसी. चाळिशीच्या दशकात हे पद हंसा मेहतांकडे होतं. हंसाबेन पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर गेल्या आणि जाहीरनाम्यातल्या 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' त्यांनीच आग्रहाने घालून घेतलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांमध्ये आज ते वाक्य आहे, आणि ते बदलून घेणारी बाई आपल्या मरीन लाइन्सच्या विद्यापीठाची कुलगुरू होऊन गेलेली. हे आमच्या शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

इरावती कर्वेही १९३१ ते १९३६ या काळात विद्यापीठाचा कारभार बघत होत्या.

---

अनिरुद्ध_पार्ले | मंगळवार, सकाळी ९.५०

धागा आवडला. पण एक शंका मनात आहे, ती प्रामाणिकपणे मांडतो.

१९१६ मध्ये मुलींसाठी वेगळं विद्यापीठ हवंच होतं, याबद्दल वाद नाही. पण आज? माझी मोठी बहीण एसएनडीटीच्या जुहूच्या आवारात गृहविज्ञान शिकली. तिच्या वर्गमैत्रिणींपैकी बऱ्याच जणींना घरच्यांनी तिथे घातलं ते "मुलंच नाहीत, काळजी नाही" म्हणून. म्हणजे विद्यापीठाचं वेगळेपण घरच्यांच्या धाकाला सोयीचं पडलं. शिवाय गृहविज्ञान हे नावच असं की बाईने शिकून पुन्हा घरातच यायचं. मेधाताईंच्या लोकलमधल्या मुलीला शिवणटिपण वाटलं, त्यात सगळी चूक तिचीच आहे का?

---

वैशाली_आहारतज्ज्ञ | मंगळवार, दुपारी १.३०

अनिरुद्ध, शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मीही जुहूचीच. सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय.

पहिल्या वर्षी आम्हाला रसायनशास्त्र, शरीरशास्त्र. दुसऱ्या वर्षी जीवरसायन. अन्नातलं प्रथिन मोजायचं तर आम्ल घालून नमुना तापवत बसायचं, तासन्तास, आणि त्या वासाने डोकं धरायचं. कापडाच्या प्रयोगशाळेत धागा जाळून वासावरून आणि राखेवरून तो सुती की रेशमी ते ओळखायचं. सुती धागा कागदासारखा जळतो, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. मुंबई ही कापड गिरण्यांची, या ज्ञानावर नोकऱ्या होत्या.

मी गेली बावीस वर्षं रुग्णालयात काम करते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला किती पोटॅशियम चालेल, पालेभाजी किती वेळा उकळून पाणी टाकायचं, हे मी सांगते आणि डॉक्टर त्यावर सही करतात. हे सगळं गृहविज्ञानातच शिकले. नाव जुनं आहे, मान्य. नाव बदलावं असं मलाही वाटतं.

आता घरच्यांच्या धाकाबद्दल. खरंय. माझ्या वडिलांनीही त्याच कारणाने घातलं. मुलं असलेल्या कॉलेजात त्यांनी मला पाठवलंच नसतं, माझ्यापुढे एसएनडीटी किंवा लग्न एवढेच दोन रस्ते होते. विद्यापीठाने माझ्या वडिलांचा स्वभाव बदलला नाही, पण त्यांच्या स्वभावातून मला वाट काढून दिली. धाकट्या बहिणीच्या वेळी बाबांनी एका शब्दाने अडवलं नाही, ती सगळ्यांबरोबर शिकली.

---

अनिरुद्ध_पार्ले | मंगळवार, दुपारी २.१०

वैशालीताई, दुसऱ्या बहिणीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आमच्या घरीही तसंच झालं, मोठ्या बहिणीनंतर धाकटीला कुणी काही म्हटलं नाही. विचार करायला लावलंत.

---

प्रज्ञा_जे | मंगळवार, सायंकाळी ६.४५

मी स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे हा भाग राहून जाऊ नये असं वाटतं.

१९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. असं केंद्र देशात आधी कुठेच नव्हतं. नीराबेन समाजशास्त्राच्या प्राध्यापिका. स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीचा अहवाल त्याच सुमारास आला आणि स्वातंत्र्यानंतर सगळं आपोआप सुधारत जाईल हा समज त्याने मोडला. स्त्रियांचं लोकसंख्येतलं प्रमाण घटत होतं, कामातला वाटा घटत होता. विद्यापीठात अभ्यासाचा विषय म्हणून हे कुठेच नव्हतं.

१९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद मुंबईत एसएनडीटीतच भरली, आणि त्यातून पुढच्या वर्षी अखिल भारतीय संघटना उभी राहिली. आज देशभरच्या विद्यापीठांत जी केंद्रं दिसतात त्यांची सुरुवात तिथली आहे.

मेधाताईंच्या मुद्द्याला मी एक जोड देईन. साठ वर्षं हे विद्यापीठ स्त्रियांना शिकवत होतं. १९७४ पासून ते स्त्रियांविषयी शिकू लागलं : शेतात राबणारी, गिरणीत साचा चालवणारी, घरी विड्या वळणारी. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी वाढ. इमारतींचं कौतुक मला तितकं नाही.

---

मुरूडकर | मंगळवार, रात्री ८.२०

आमच्या गावचा विषय निघालाय, लिहिल्याशिवाय राहवत नाही. अण्णांचं बालपण मुरूडला, दापोली तालुक्यात.

त्यांची एक गोष्ट आमच्याकडे पोराबाळांना माहीत असते. परीक्षा द्यायची म्हणून किशोरवयीन धोंडू सवंगड्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी निघाला. पावसाळा, कुंभार्लीचा घाट, शंभर मैलांवर चाल. चौथ्या दिवशी पोचला, तर साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, वय कमी दिसतंय, परीक्षेला बसता येणार नाही. आल्या वाटेने परत. पुढे तोच मुलगा मुंबईला एल्फिन्स्टनमधून १८८४ मध्ये पदवीधर झाला.

ज्या माणसाला एकदा परीक्षेच्या दारातून परत पाठवलं, त्याने परीक्षेपर्यंत पोचू न शकणाऱ्यांसाठी विद्यापीठ काढलं. मला तर हा संबंध स्पष्ट दिसतो.

आणखी एक. सत्तरी ओलांडल्यावर ते विद्यापीठासाठी निधी गोळा करायला जगभर फिरले. १९२९ मध्ये निघाले, युरोप, अमेरिका, जपान, नंतर पुन्हा आफ्रिका. आफ्रिकेतले आपले दुकानदार, रेल्वेत कामाला गेलेले लोक, त्यांनी शिलिंगा-शिलिंगाने पैसे दिले. ठाकरसींचे पंधरा लाख सगळ्यांना माहीत आहेत, त्या शिलिंगांचाही हिशोब असला पाहिजे.

---

केतकी_कोड | मंगळवार, रात्री ११.५५

मी या धाग्यावर वयाने लहान असेन. उषा मित्तल तंत्रज्ञान संस्थेतून अभियंता झाले. मुलींसाठी अभियांत्रिकीचं हे महाविद्यालय एसएनडीटीने १९९७ मध्ये जुहूला सुरू केलं.

आमच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंग गन धरायला कुणी मुलगा पुढे यायचाच नाही, कारण मुलगा नव्हताच. ऐकायला साधं वाटतं. मी शिकवणीला जायचे तिथे मुलंमुली एकत्र होती आणि प्रयोगाच्या वेळी तारा जोडायचं काम आपोआप मुलांकडे, वहीत लिहायचं मुलींकडे जायचं. कुणी सांगायचं नाही, तरी तसंच व्हायचं. जुहूत तारा आम्हीच जोडल्या, सर्किट आम्हीच जाळलं, दुरुस्तही आम्हीच केलं. पहिल्या वर्षी माझ्या बोटाला चटका बसला त्याचा डाग अजून आहे.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "फक्त मुलींचं कॉलेज म्हणजे अभ्यासक्रम सोपा असेल ना?" मी कागद मागितला आणि त्यांनी दिलेला प्रश्न त्यांच्यासमोर सोडवला. नोकरी मिळाली. पण प्रश्न विचारला गेलाच. शुभदाताईंच्या आजीला "जी.ए. म्हणजे काय" विचारलं आणि मला हे. म्हणून मेधाताई, तुम्ही लिहिताय ते फार गरजेचं आहे.

---

शुभदा_डोंबिवली | बुधवार, सकाळी ८.००

केतकी, शाब्बास गं पोरी. आजी असती तर तुला जवळ बसवून सगळं विचारलं असतं.

---

तासिकेवरची_बाई | बुधवार, दुपारी १२.४०

सगळं वाचतेय, मन भरून येतंय, पण मला थोडं दुसरंही लिहायचं आहे.

मी एका महिला महाविद्यालयात आठ वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. मोजून तास, मोजून पैसे, दिवाळीत आणि मे महिन्यात काहीच नाही. कायम जागा निघाल्या नाहीत. ही फक्त माझी किंवा त्या एका कॉलेजची गोष्ट नव्हे, राज्यातल्या जवळजवळ सगळ्या सरकारी अनुदानावरच्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत हेच चाललंय. विद्यापीठं वाढली असं आपण म्हणतो तेव्हा नवे अभ्यासक्रम, नवी आवारं मोजतो. शिकवणारी माणसं किती वाढली, तेही मोजायला हवं.

माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. वसईच्या पुढून यायची, पहाटे चारला उठून घरचं पाणी भरून. तिच्या नोंदवह्या इतक्या नेटक्या की मी त्यांच्या छायाप्रती काढून इतरांना द्यायचे. ती आज शिक्षिका आहे, तीही तासिकेवर. तिला मी काय सांगू? जपानची पुस्तिका वाचून ज्यांनी वर्षभरात विद्यापीठ उभं केलं, त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून मी रोज जात होते, त्यामुळे हे मला जास्तच लागलं.

---

मेधा_लालबाग | बुधवार, रात्री ९.३०

बाई, तुम्ही लिहिलंत ते धाग्यात असायलाच हवं होतं. मी पुरती सहमत आहे. शिक्षकाची जागा कायम नसेल तर आईला जसं कुणी सतत दोन-तीन वर्षं पत्रातून ओळखत होतं, तसं आजच्या मुलीला कोण ओळखणार?

आता राहिलेली वाढ थोडक्यात, नाहीतर फार लांबेल. ग्रंथालयशास्त्राची शाळा १९६१, लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४, औषधनिर्माणशास्त्र १९८०. चर्चगेट, जुहू आणि पुण्याला कर्वे रस्ता ही तीन मोठी आवारं, आणि आता चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरलाही संकुल झालंय. गुजरातेतही या विद्यापीठाशी जोडलेल्या संस्था जुन्या काळापासून होत्या. एका राज्याच्या हद्दीत न मावणारं विद्यापीठ म्हणून ते मला वेगळं वाटतं.

दूरशिक्षणाबद्दल मात्र थांबून लिहिणार आहे, कारण आई तिथली. हा उपक्रम १९७९ चा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, म्हणजे एसएनडीटीने त्याआधीच घरी बसलेल्या बाईचा विचार केला होता. आईची परीक्षा चर्चगेटच्या इमारतीत असायची. लालबागहून बस, मग चालत. सोबत माझी काकू, कारण एकटीने जायची परवानगी नव्हती. पेपर चालू असताना काकू बाहेर पायरीवर बसून राहायची. दुसऱ्या वर्षी तिनेही फॉर्म भरला. तिसऱ्या वर्षी दोघी आत बसल्या आणि बाहेर पायरीवर कुणीच नव्हतं.

त्या रस्त्याविषयी. पूर्वीचा क्वीन्स रोड आता महर्षी कर्वे रोड आहे. विद्यापीठाच्या कडेचा रस्ता नाथीबाई ठाकरसींच्या नावाचा आणि न्यू मरीन लाइन्सच्या रस्त्याला विठ्ठलदासांचं नाव. लोकलमधून उतरून विद्यापीठात जाईपर्यंत तिघांची नावं पाट्यांवर भेटतात.

आणि ब्रेबॉर्न स्टेडियमही जवळच. १९५८ च्या एप्रिलात अण्णांची शंभरी तिथे साजरी झाली, पंडित नेहरू आले होते. त्यांच्या हयातीत त्यांचं टपाल तिकीट निघालं. त्याच वर्षी भारतरत्न. आदल्या वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. दिली होती. तेही विद्यापीठाचं शताब्दी वर्ष, १८५७ ते १९५७. आपल्याच एका जुन्या पदवीधराचा सन्मान, ज्याने शेजारी दुसरं विद्यापीठ उभं केलं होतं. बोधवाक्यही बघा : संस्कृता स्त्री पराशक्तिः.

---

मुरूडकर | बुधवार, रात्री १०.१०

काकू पायरीवरून आत गेली हे वाचून बायकोला हाक मारून वाचून दाखवलं.

---

निर्मला_काळाचौकी | गुरुवार, दुपारी ३.२०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते कारण विचारायचंय.

माझ्याकडे पोळ्या करायला येते ती बत्तीस वर्षांची आहे. बारावी झालीय, नंतर लग्न. दोन मुलं, नवरा रिक्षा चालवतो. हा धागा मी तिला वाचून दाखवला. पोळी लाटता लाटता ऐकत होती, पोस्टमनच्या ठिकाणी लाटणं थांबवलं. मग म्हणाली, "ताई, हे अजून आहे का?" मला सांगता आलं नाही. मराठीतून आहे का? परीक्षा कुठे असते? तिला सकाळी अकरापर्यंत कामं असतात.

---

मेधा_लालबाग | गुरुवार, दुपारी ४.०५

निर्मलाताई, आहे! दूरशिक्षण केंद्र जुहूच्या आवारात आहे, सांताक्रूझ पश्चिमेला. या वर्षीचे अभ्यासक्रम, माध्यम, प्रवेशाची मुदत आणि फी हे सगळं तिथे जाऊन विचारलेलं बरं, फोनवर अर्धंच कळतं. तिला दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागद बरोबर घ्यायला सांगा. आईचा फॉर्म नावाच्या याच कागदासाठी एकदा परत आला होता, म्हणून आवर्जून सांगते. सगळ्याच्या दोन-दोन प्रती.

शनिवारी मला सुट्टी आहे. तिची कामं अकराला आटोपत असतील तर साडेबाराला सांताक्रूझ स्टेशनच्या पश्चिमेच्या बस थांब्यावर भेटू, मी बरोबर येते.

---

निर्मला_काळाचौकी | गुरुवार, सायंकाळी ५.३०

तिला विचारलं. येते म्हणाली. नावाचा कागद नाहीये तिच्याकडे, पण लग्नाचा दाखला आहे. चालेल का?

---

मेधा_लालबाग | गुरुवार, सायंकाळी ५.४५

घेऊन या, तिथे दाखवू. नाही चालला तर काय करायचं तेही तिथेच विचारू. आणि तिला म्हणावं, माझी आईपण येणार आहे. तिने मघाशीच पिशवी भरून ठेवलीय.